स्वच्छ केलेलं गाणं

…आन् वर मलाच इचारत्यात, "काकू, तुम्हीच सांगा, नव्वदच्या दशकातली गाणी आज ऐकवतात का?" आता मला सांगा, हे माझ्यासारखीला इचारायचं काम हाय व्हय? मी सातवी शिकलेली बाई, घोटवड्यावरनं भुकूमला दिलेली, गाण्यातलं मला कळतं ते एवढंच की कुकर लावला की गाणं बारीक करायचं, न्हाईतर शिट्ट्या मोजायच्या राहत्यात. इचारणारी दोघं इंजिनेर! पण मला बी गप बसवलं न्हाई. मी उत्तर दिलं, आन् तुमाला सांगते, तितनं जे सुरू झालं त्यातलं आजपतुर मला काय सुधरंना.

ही दोघं म्हंजे आमच्या वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड. कौस्तुभ अमरावतीकडचा, स्वरदा लातूरची. तो हिंजवडीला जातो, ती घरनंच काम करती, आठवड्याला भांडणं दोन. एक पाण्याच्या बाटल्या कुणी भरायच्या त्यावरनं, दुसरं सांगण्यासारखं न्हाई. मी काय मुद्दाम ऐकत न्हाई हां! जिनाच आमच्या सैपाकघराच्या खिडकीला लागून हाय, आता मी काय कानात बोळे घालून भाकरी थापू?

तर त्या रविवारी भांडण गाण्यावरनं. कारण काय, तर पौडरोडला ताम्हिणीकडं जाणाऱ्या गाड्यांची ही लाईन लागलेली, आन् एका गाडीत पोरं-पोरी काचा खाली करून नव्वद सालातलं गाणं गळा फाडून म्हणत होती. पाठ होतं हो त्यांना, अंतऱ्यासकट! त्यांच्या आयांची तरी लग्नं झाली होती का तवा? गाणं तेच, पण त्याच्याखाली धाड धाड धाड असं कायतरी घातलेलं, आमच्या मांडणीतले पेले हलायला लागले. आन् झालं, जिन्यात सुरू. कौस्तुभ म्हणतो, "बघ, पस्तीस वर्षं झाली तरी लोक गातात. त्या मेलडीला तोड नाही. टाइमलेस आहे ते." त्यावर स्वरदा फणकारली, "कसलं टाइमलेस? सगळ्या गाण्यांना तोच ठेका, तोच कीबोर्ड, नाकातून रडायचं, आणि शब्द ऐकलेस का कधी नीट? ती नाही म्हणतेय आणि हा मागे मागे. कॉलेजात मागे, बसस्टॉपवर मागे, देवळात मागे. आज कुणी माझ्या मागे असा आला ना, मी डायरेक्ट पोलिसांना फोन करीन."

आन् मग दोघांचं लक्ष माझ्याकडं. मी आपली खिडकीत मेथी निवडत होते. निवडून झालेलीच मेथी निवडत होते, जाऊ द्या.

आता मला दोघांचं बी पटलं. हीच तर माझी अडचण हाय! स्वरदाचं खरं, तो हिरो मागं मागंच फिरायचा, कामधंदा म्हणून काय न्हाई मेल्याला. पण कौस्तुभचं बी खरं, कारण ती गाणी लागली की मला आमचं दारातलं वाळवण आठवतं, आन् वाळवणावर ध्यान ठेवायचं सोडून मी रेडिओकडं कशी बघत बसायचे ते. माझे सासरे म्हणायचे, "ही काय गाणी हायेत? डबे बडवत्यात डबे. आमच्या टायमाला गाणी होती." आन् तेच सासरे पुढं नातू झाल्यावर त्याला मांडीवर घेऊन ह्यातलंच एक डबेवालं गाणं म्हणून निजवायचे. मग त्यांचं पहिलं मत खरं धरायचं का दुसरं? मला तर काय सुधरंना. म्हणून मी आपलं मधलं बोलले. म्हणाले, "माझं काय घेऊन बसलाय, पलीकडं हैबतभावजींना जाऊन इचारा. एकच गाणं वीस वर्षं ऐकतोय माणूस. चांगलं का वाईट, त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक?"

हैबतराव म्हंजे आमच्या भिंतीपलीकडचे. पूर्वी भिंत न्हवती, निवडुंगाचं कुंपण होतं, भाजीची वाटी हातातल्या हातात जायची. आता सहा फुटी भिंत झालीय, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढून उभी राहते तवा कुटं त्यांचं अंगण दिसतं. गुडघे बोलायला लागलेत माझे, पण शेजारधर्म हाय, करायला लागतं. तर त्यांची बायको तुळजा, माझी लई जिवाभावाची. ती जाऊन वीस वर्षं झाली. तापाचं निमित्त झालं आन् आठ दिवसांत गेली बाई. तवा कुटं असले मोबाईल? फोटो म्हणाल तर दोन, एक लग्नातला, त्यात तिचं तोंड मुंडावळ्यांमागं, आन् दुसरा रेशनकार्डावरचा. लेक वैष्णवी, ती सूसला दिली. मागं राहिले हैबतभावजी, दोन म्हशी, आन् ती कॅसेट.

रोज सांजच्याला साडेसहाला, धारा काढायच्या वक्ताला, गोठ्यातनं आवाज यायचा, खट्ट! की गाणं सुरू. बारीक आवाजात. संपलं की मागं घ्यायचं, पुन्हा तेच. तीनदा. म्हशींना बी सवय लागलेली, गाणं लागल्याबिगर दूध सोडायच्या न्हाईत. आन् मी चुकून वाटीबिटी घेऊन गेले ना, तर माणूस चटशिरी टेप बंद करायचा. मी म्हणायचे लाजत असतील, पिक्चरचं गाणं हाय, वय झालंय.

आता ती कॅसेट काय बाजारातली न्हवं. शहाण्णव साली आमच्या ह्यांनी, म्हंजे आमच्या विश्रामरावांनी, टेप आणला होता नवाकोरा, आन् हैबतभावजींकडं रेडिओ. मग काय करायचे, तर पाटावर रेडिओ न् टेप तोंडाला तोंड लावून ठेवायचे, आन् फर्माइशीचं गाणं लागलं की दोन बटनं एकदम दाबायची. तवर घरातल्यांनी गप. शिंक आली तर मोरीत जायचं. कोंबड्या हाकलायच्या. गाणं भरणं म्हंजे सत्यनारायण असल्यासारखं सोवळं! मी त्यात न्हवते, मी आपल्या घरी चुलीपाशी.

तर ही दोघं त्याच संध्याकाळी गेली इचारायला. कौस्तुभ म्हणाला, "काका, वीस वर्षं तुम्ही हेच गाणं ऐकताय, म्हणजे काहीतरी असणार ना त्यात?" हैबतभावजींनी धार काढता काढता मान वर केली, म्हणाले, "गाणं व्हय? बरं हाय." बास. एवढंच. कौस्तुभ खूश, बघा बरं हाय म्हणाले. स्वरदा खूश, बघा नुसतंच बरं हाय म्हणाले. आता एका उत्तरात दोघं कशी जिंकत्यात, मला तर काय सुधरंना.

आन् पुढच्या आठवड्यात ती कॅसेट अडकली. साडेसहा वाजले, खट्ट झालं, आन् गाण्याच्या जागी घर्रर्र… मी कट्ट्यावर चढले. बघते तर माणूस उकिडवा बसलेला, मांडीवर कॅसेट, तिच्यातनं शेवयांसारखी पट्टी भायेर आलेली, आन् हे पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळत्यात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आमच्या रतिबाचं दूध पावशेर कमी! मला बघवंना. मी म्हणाले, "भावजी, आमच्या कौस्तुभला द्या, तो काम्प्युटरवाला हाय, चुटकीसरशी करील." ते म्हणाले, "नको वैनी, राहू द्या." मी सोडते व्हय? दोन दिवस मागं लागले. मग एका फडक्यात गुंडाळून आणून दिली, लहान लेकरू द्यावं तशी, आन् म्हणाले, "जपून."

आन् मी काय केलं? जिन्यात कौस्तुभच्या हातात दिली आन् माझ्या ह्या तोंडानं म्हणाले, "जरा स्वच्छ करून दे बाबा. लई खरखर हाय त्यात, मधी मधी कायबाय आवाज येत्यात." कुणी सांगितलं न्हवतं मला! हैबतभावजी नुसतं जपून म्हणाले होते, स्वच्छ मी घातलं!

पोरगं गुणी. हापिसातल्या पियूषकडनं जुना टेप मागून आणला, चार दिवस कानाला ते मोठाले कानटोपे लावून बसला. मला बोलवून दाखवलं बी. म्हणाला, "काकू, हे सॉफ्टवेअर गाणं एकीकडे काढतं, नॉइज दुसरीकडे." मी म्हणाले, पाखडल्यासारखं. तांदूळ सुपात, कोंडा भायेर. तो म्हणाला, "एक्झॅक्टली, काकू." मला बरं वाटलं.

रविवारी सकाळी धा वाजता हैबतभावजींच्या अंगणात आमी सगळे. मी चहा नेला, आमचे हे भिंतीवरनं नुसतं डोकं काढून उभे. कौस्तुभनं पेरूएवढा एक गोल स्पीकर पाटावर ठेवला, फोनवर बोट लावलं… आन् काय तुमाला सांगू! गाणं असं आलं, असं आलं, की गाणाऱ्यानं समोर बसून श्वास घेतलेला ऐकू यावा. ढोलक वेगळी, बासरी वेगळी. स्वरदा सुदिक म्हणाली, "ओके, हे वाईट नाहीये." मी हैबतभावजींच्या तोंडाकडं बघत होते. पहिलं कडवं झालं. माणूस पुढं वाकला. दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी ते बासरीचं येतं ना, तितं तर कान अगदी स्पीकरला टेकवला. दुसरं कडवं गेलं, गाणं संपलं.

म्हणाले, "हे ते न्हवं."

कौस्तुभ म्हणाला, "काका, तेच आहे, तुमच्याच कॅसेटमधलं. फक्त क्लीन केलंय."

"न्हाई. खराब झालंय."

झालं! स्वरदा टाळी द्यायच्या बेतात, "बघ, मी म्हटलं नव्हतं? मोठ्या आवाजात ऐकलं की कळतं, ही गाणी टिकलीच नाहीत." कौस्तुभ म्हणतो, "अगं खराब रेकॉर्डिंग चांगलं वाटतं आणि चांगलं खराब, असं कसं होईल?" ती म्हणती नॉस्टॅल्जिया, तो म्हणतो स्पीकर, आमचे हे भिंतीवरनं म्हणत्यात की आवाज जरा कमी-जास्त करून बघा. आन् मी मधी चहाचा ट्रे घेऊन उभी. गाणं तेच, माणूस तोच, मग खराब कोण झालं? मला तर काय सुधरंना.

ह्या गडबडीत हैबतभावजी उठून गोठ्यात गेले. मी मागनं गेले. आता कुणी म्हणेल, ह्या बाईला सगळीकडं जायचं असतं. व्हय, असतं. गेले. बघते तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे. म्हणाले, "वैनी, मधी ती बोलती."

मी म्हणाले, "कोण?"

"दुसऱ्या कडव्याच्या आधी. गाणं भरत होतो, आन् तुमी कुंपणावरनं हाक मारली. तुळजे, काय भाजी केली गं म्हणून. मी लई चिडलो होतो तुमच्यावर. ध्यानात हाय?"

ध्यानात न्हाई व्हय? दोन दिवस बोलले न्हवते माझ्याशी! मला वाटलेलं गाणं पुसून पुन्हा भरलं असंल. पुसलं न्हवतं तर. वीस वर्षं माणूस ते ऐकत होता आन् मी, जिला ह्या भिंतीपलीकडं टाचणी पडली तर कळतं, तिला हे ठाऊक न्हाई!

ते म्हणाले, "मी गप बसा म्हणालो होतो म्हणून ती गप होती. तुमी इचारलं म्हणून बोलली."

माझ्या हातातला ट्रे मी कुटं ठेवला ते मला आठवत न्हाई. शेणाच्या पाटीवर सापडला मागनं. मी भायेर आले आन् कौस्तुभला म्हणाले, "बाबा, ती कॅसेट कुटं हाय? आधी होती तशी दे." तर पोराचं तोंड उतरलं. म्हणाला, "काकू, दुसऱ्यांदा लावताना पट्टी तुटली. दोन ठिकाणी. मला वाटलं आता काम झालंय… सुक्या कचऱ्यात टाकली." आन् घंटागाडी येऊन गेलेली शुक्रवारी. मी सोता तिच्या नावानं हाक मारलेली, कचरा आणा गं म्हणून! मग म्हणाला, लॅपटॉपवर कच्चं होतं, पण त्याच्यावरच पुढचं केलं, ते राहिलं न्हाई. हैबतभावजी गोठ्याच्या दारात उभे राहून ऐकत होते. नुसतं खांद्यावरचं फडकं काढून घडी घालायला लागले, तेच ते फडकं, कॅसेट गुंडाळलेलं, मीच परत नेऊन दिलेलं.

मला वाटलं भुई दुभंगावी आन् मी, माझं तोंड, माझा शेजारधर्म, सगळं आत जावं. स्वच्छ करून दे बाबा! कुणी सांगितलं होतं?

तवा स्वरदा बोलली. त्या गाण्यांवर एवढी जळणारी पोरगी, पण डोकं तिचंच चाललं. हळूच म्हणाली, "कौस्तुभ, नॉइज वेगळा काढलास ना. मग तो काढलेला कुठंय?"

तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला आन् लॅपटॉप घेऊनच खाली आला. त्यात म्हणे त्यानं एक कप्पा केला होता, नाव "कचरा". मी मनात म्हणाले, पोरा, आपला कोंडा तेवढा फेकला नसशील तर तुला जन्मभर पुरणपोळी. त्यानं बोट लावलं. गाणं न्हाईच. नुसतं सूंऽऽ करून खरखर. कावळा. कोंबडी. मग लांबनं बादलीचा आवाज. मग आणीक सूंऽऽ… आन् एकदम केवढ्यानं तरी, "तुळजेऽऽ! काय भाजी केली गंऽऽ?"

मी दचकले ना! म्हशीनं कान हलवले. माझा आवाज हा? एवढा? भिंतीवरनं आमचे हे म्हणाले, "तीस वर्षं हेच सांगतोय." मी त्यांच्याकडं बघितलंच न्हाई, कारण त्याच्या मागनं, अगदी बारीक, दाबून, हसू आवरत, "अगं हळू… गाणं भरत्यात," आन् मग त्याहून बारीक, "घेवडा."

बास. एवढंच. पुन्हा सूंऽऽ.

हैबतभावजी म्हणाले, "पुन्यांदा लावा."

पाच-सहा वेळा लावलं. गाणं मधी नसल्यानं ती अशी साफ ऐकू येत होती की मला वाटलं मागं वळून बघावं. मी म्हणाले चला, झालं ते बऱ्यासाठी झालं, आता ह्यांना गाण्याची गरजच न्हाई. वीस वर्षं ते गाणंच मधी आडवं येत होतं म्हणायचं! स्वरदा म्हणाली, "म्हणजे काकू, गाणं मुद्दा नव्हताच कधी. मी जिंकले." मला पटलं.

आन् तिसऱ्या दिवशी हैबतभावजी जिन्यापाशी हजर. कौस्तुभला म्हणाले, "गाणं परत घाला त्यात."

कौस्तुभ म्हणाला, "काका, आता तर तुळजाकाकूंचा आवाज इतका क्लिअर आहे."

ते म्हणाले, "व्हय. पण गाण्याबिगर ती कशापायी हळू बोलती तेच कळंना."

मग काय! चार दिवस लावून स्वच्छ केलेलं, ते पोरगं सहा दिवस बसलं घाण करायला. गाणं घातलं, तर हे म्हणत्यात लई चकचकीत हाय. जरा मळवलं, तर म्हणत्यात खरखर कमी झाली. बासरी पुढं जाती, तुळजा मागं राहती. कावळा चुकीच्या जागी! शेवटी स्वरदा कानटोपे लावून बसली शेजारी, ती म्हणायची, "अजून थोडं मागे घे, नाही, दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज चढतो ना, त्याच्या आधी." सहा दिवस ऐकून ऐकून तिला ते गाणं पाठ झालं. परवा चहा गाळताना गुणगुणत होती. मी खिडकीतनं बघितलं तशी गप झाली, म्हणती, "मी नव्हते, काकू." मग कोण होतं? वर तिसरं माणूस हाय का? आन् कौस्तुभ म्हणतो, गाण्याशिवाय चाललं नाही म्हणजे मी जिंकलो. आन् परत मलाच इचारत्यात, काकू, शेवटी ठरलं काय, ती गाणी टिकली का न्हाई? आता मी काय सांगू? तो हिरो आजबी मागं मागंच फिरतोय, त्याला पोलिसात द्यायला पायजेच. पण त्यानं तोंड मिटलं तर आमची तुळजा मोठ्यानं बोलंल, आन् मोठ्यानं बोलली तर ती तुळजा न्हाई. मला तर काय सुधरंना.

म्हशी दुधाला पुन्हा बऱ्या हायेत, एवढं सांगते.

आन् माझं काय झालंय, तर रोज साडेसहाला त्या पेरूएवढ्या स्पीकरमधनं माझा आवाज अख्ख्या आळीत जातो. आता हैबतभावजी गाणं बंद करत न्हाईत ना माझ्यासमोर, उलट आवाज वाढवत्यात! समोरच्या नव्या सोसायटीतल्या बाई कुत्रं फिरवायला येत्यात, त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही रोज त्याच वेळी त्यांना भाजी काय विचारता?" मी म्हणाले, व्हय, सवय हाय. काय सांगत बसू? आन् त्याच वक्ताला आमचे हे ओट्यावर बसून घरात तोंड करत्यात, "आज भाजी काय गं?" मी तोंड उघडायच्या आत भिंतीपलीकडनं उत्तर येतं. पहिल्यांदा हे हसले. मग दुसऱ्या दिवशी बी तेच, तिसऱ्या दिवशी बी तेच. वरनं ती दोघं वाटी घेऊन येत्यात आता. मी बाजारातनं दोडका आणते, वांगी आणते, गवार आणते, सगळं टोपलीत वाळून चाललंय. पण तिनं एकदा एवढ्या हळू सांगितलं म्हटल्यावर दुसरं काय चिरायला हात होतोय का?

आजबी घेवडाच टाकलाय.